पॉवर ॲप्समधील जुन्या ॲपमध्ये व्हेरिएबलची नावे सर्वत्र बदलायची आहेत. सुरक्षित पद्धत कोणती?

प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत संगणक विभागाचे काम पाहतो. आमच्याकडे जॉबवर्कच्या चलानांसाठी पॉवर ॲप्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ॲप बनवण्याच्या साधनात) बनवलेले एक कॅनव्हास ॲप २०२१ पासून रोजच्या वापरात आहे. ओतकाम झालेले कास्टिंग मशिनिंगसाठी बाहेरच्या वर्कशॉपमध्ये जाते, तेव्हा स्टोअरमधून चलान निघते आणि माल परत आला की गेटवर त्याची आवक नोंदवली जाते. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला असा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवल्या दिवसापासूनच पुरवठा केल्यासारखा धरला जातो. त्यामुळे कोणाकडे किती नग शिल्लक आहेत हा या ॲपमधला आकडा आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे.

ज्यांनी हे ॲप बांधले ते आता दुसरीकडे गेले आहेत. ॲपमध्ये २३ स्क्रीन आणि ६४ ग्लोबल व्हेरिएबल (किंमत साठवणारी, ॲपभर चालणारी नावे) आहेत, आणि त्यांची नावे ‘नग’, ‘नग२’, ‘टेम्प’, ‘टेम्पनवा’, ‘फ्लॅग’, ‘व्हेंडर’ अशा प्रकारची आहेत. (प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत आहेत, येथे मी देवनागरीत लिहीत आहे.) ‘नग२’ म्हणजे परत आलेले नग की नाकारलेले नग, हे प्रत्येक वेळी सूत्र उघडून शोधावे लागते. पुढच्या महिन्यात दोन नवीन सहकारी माझ्यासोबत या ॲपवर काम करू लागणार आहेत, म्हणून त्याआधी नावे अर्थपूर्ण करावीत असे मी ठरवले. ग्लोबल व्हेरिएबलला ‘जीबीएल’, एकाच स्क्रीनपुरत्या कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलला ‘एलओसी’ आणि कलेक्शनला (ॲपमध्ये साठवलेल्या नोंदींच्या तक्त्याला) ‘सीओएल’ हे पूर्वपद लावायचे, ही मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक पुस्तिकेतली पद्धत आम्ही स्वीकारली आहे.

सुरुवात म्हणून मी ॲपची एक प्रत काढली, स्टुडिओतील, म्हणजे ॲप बनवण्याच्या खिडकीतील, शोधण्याच्या पॅनलमध्ये ‘नग’ शोधले आणि त्याच्या जागी ‘जीबीएलचलाननग’ असा बदल एकदम सगळीकडे लागू केला. रोमन लिपीत ‘नग’ची तीन अक्षरे ‘मॅनेजर’ या शब्दाच्या पोटातही जशीच्या तशी येतात, हे माझ्या लक्षात आले नाही. ऑफिस ३६५ युजर्स कनेक्टरचे मॅनेजर हे फंक्शन मोडले, ते लाल खुणेमुळे लगेच दिसले. परंतु मंजुरीच्या स्क्रीनवर वापरणाऱ्याची भूमिका ‘मॅनेजर’ आहे का, हे तपासणारी एक तुलना अवतरणचिन्हांतल्या मजकुराशी होती. तो मजकूरही बदलला आणि तेथे मात्र कोणतीच चूक दाखवली गेली नाही. मंजुरीचे बटण कोणालाच दिसत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी चाचणी करताना कळले. हे प्रतीत घडले म्हणून निभावले. मूळ ॲपमध्ये घडले असते तर गाड्या गेटवर उभ्या राहिल्या असत्या.

माझे विचारणे असे आहे की कंट्रोलचे नाव बदलले तर सगळ्या सूत्रांत ते आपोआप बदलते, मग व्हेरिएबलच्या बाबतीत असा भरवशाचा मार्ग कोणता? आणि शोधून बदलण्याशिवाय गत्यंतर नसेल, तर काहीही निसटलेले नाही याची खात्री कशी करावी?

उत्तर १ (पुण्याहून)

नमस्कार. आपण प्रतीवर प्रयोग केला हे फार चांगले केले. माझ्या अनुभवाप्रमाणे येथे मूळ अडचण अशी आहे की कंट्रोल आणि व्हेरिएबल या दोन गोष्टी पॉवर ॲप्समध्ये वेगळ्या रीतीने जन्माला येतात. कंट्रोल ही आपण स्क्रीनवर ठेवलेली एक ठोस वस्तू असते आणि नाव हे तिच्यावरचे लेबल असते, म्हणून लेबल बदलले की त्या वस्तूचा उल्लेख करणारी सगळी सूत्रे नवे लेबल दाखवू लागतात. व्हेरिएबल मात्र कुठेही आधी जाहीर केलेले नसते. ‘सेट’ या फंक्शनमध्ये एखादे नाव लिहिले की त्या लिहिण्यानेच ते निर्माण होते, आणि त्याचा प्रकार, म्हणजे ते संख्या आहे, मजकूर आहे की नोंद आहे, हेही त्यात काय ठेवले जाते यावरून ठरते. याचाच दुसरा अर्थ असा की ‘सेट’मध्ये नाव चुकीचे लिहिले, अगदी एखादे अक्षर लहानाऐवजी मोठे लिहिले, तरी स्टुडिओ त्याला चूक मानत नाही, त्या नावाचे एक नवे व्हेरिएबल तयार होते, कारण पॉवर एफएक्समध्ये, म्हणजे या सूत्रांच्या भाषेत, नावांतील लहान-मोठी अक्षरे वेगळी धरली जातात. नाव वाचण्याच्या जागी चुकले तर मात्र, त्या नावाचे काहीच अस्तित्वात नसल्यामुळे, लगेच लाल खूण दिसते.

लिहिण्याची जागा चूक लपवते आणि वाचण्याची जागा चूक दाखवते, या फरकाचाच उपयोग नाव बदलताना करून घ्यावा असे मी सुचवीन. समजा, ‘नग’ या व्हेरिएबलमध्ये सहा ठिकाणी ‘सेट’ने किंमत ठेवली जाते आणि चाळीस ठिकाणी ती वाचली जाते. आपण वाचण्याच्या जागांपासून सुरुवात केली आणि लिहिण्याच्या सहापैकी एक जागा राहून गेली, तर जुने आणि नवे अशी दोन्ही व्हेरिएबल ॲपमध्ये सुखाने नांदतात आणि कुठेही लाल खूण येत नाही. त्या एका बटणावरून आलेला आकडा मात्र जुन्या नावात जाऊन बसतो, जो आता कोणीच वाचत नाही. चलानावर आधीच्या व्यवहाराचे नग छापले जाण्याचा प्रसंग नेमका असाच येतो.

याउलट आपण प्रथम फक्त लिहिण्याच्या सहाही जागा बदलल्या, तर ‘नग’ हे नाव ॲपमधून नाहीसे होते आणि चाळीसच्या चाळीस वाचनस्थळे एकदम लाल होतात. डाव्या बाजूच्या मेनूतील व्हेरिएबलच्या पॅनलमध्ये प्रत्येक नावाची निर्मिती कुठे होते आणि वापर कुठे होतो याची यादी मिळते. त्यातली निर्मितीची यादी समोर ठेवून हे काम करावे. त्यानंतर ॲप चेकरमधील चुकांची यादी हीच आपली कामाची यादी होते आणि ती शून्यावर आली की वाचनस्थळे संपली असे म्हणता येते. एका सूत्रातील चुकीमुळे त्यावर अवलंबून असलेली इतर सूत्रेही लाल होतात, त्यामुळे सुरुवातीचा आकडा मोठा दिसला तर घाबरू नये. मात्र या मधल्या अवस्थेत ॲप चुकूनही पब्लिश करू नये, कारण सूत्रांत चुका आहेत एवढ्या कारणाने स्टुडिओ आपल्याला अडवतोच असे नाही.

एका वेळी एकच नाव बदलावे, चुका शून्यावर आणाव्यात, काय बदलले याची टीप लिहून आवृत्ती जतन करावी आणि मगच पुढच्या नावाकडे वळावे. ६४ नावांसाठी हे कंटाळवाणे वाटेल, परंतु बिघाड झाल्यास नेमक्या कोणत्या नावापर्यंत मागे जायचे हे त्यामुळे कळते. जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची सोय सहा महिन्यांच्या आतील आवृत्त्यांपुरतीच असते, म्हणून मूळ ॲपची फाइल संगणकावर उतरवूनही ठेवावी.

आपल्या ‘मॅनेजर’च्या उदाहरणाबद्दल एवढेच सांगतो की अवतरणचिन्हांतला मजकूर हा कोणत्याही तपासणीच्या पलीकडे असतो. तो व्हेरिएबलचे नाव नसून साधी अक्षरे असतात, आणि त्याचा अर्थ यंत्राला माहीत नसतो. म्हणून एकदम सगळीकडे बदल लागू करण्याऐवजी सापडलेले प्रत्येक ठिकाण डोळ्यांखालून घालूनच बदलावे, आणि तीन-चार अक्षरी नावांच्या बाबतीत तर हा नियम कधीही मोडू नये.

उत्तर २ (नाशिकहून)

वरील पद्धत योग्य आहे आणि मीही तीच वापरतो, परंतु तिला दोन ठिकाणी तडा जातो आणि ती दोन्ही ठिकाणे आपल्या ॲपमध्ये असण्याची शक्यता बरीच आहे.

पहिले ठिकाण म्हणजे ‘फ्लॅग’सारखे नाव, जे ग्लोबल व्हेरिएबल म्हणूनही वापरलेले असते आणि काही स्क्रीनवर ‘अपडेटकॉन्टेक्स्ट’ने किंवा ‘नॅव्हिगेट’च्या तिसऱ्या भागातून त्याच नावाचे कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलही तयार केलेले असते. अशा वेळी त्या स्क्रीनपुरते कॉन्टेक्स्ट व्हेरिएबल वरचढ ठरते आणि ग्लोबल झाकले जाते. आता आपण आधी कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलची निर्मिती बदलली, तर तेथील वाचनस्थळे लाल होणार नाहीत. त्यांना त्या नावाचे ग्लोबल व्हेरिएबल सापडते आणि ती निमूटपणे त्याची किंमत वाचू लागतात. चूक दाखवण्याची जी सोय आपण गृहीत धरली होती, ती येथे नाहीशी होते. म्हणून एकाच नावाची दोन रूपे असतील तेथे नेहमी ग्लोबल आधी बदलावे, त्याची सगळी वाचनस्थळे दुरुस्त करून घ्यावीत, आणि त्या नावाचे ग्लोबल ॲपमध्ये उरलेले नाही हे व्हेरिएबलच्या पॅनलमध्ये पाहूनच कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलला हात लावावा. मग वाचनस्थळांना त्याऐवजी सापडेल असे दुसरे काही उरत नाही आणि लाल खुणा पुन्हा भरवशाच्या होतात. कॉन्टेक्स्ट व्हेरिएबल प्रत्येक स्क्रीनचे स्वतंत्र असते, त्यामुळे चार स्क्रीनवर ‘फ्लॅग’ असेल तर ती चार वेगळी कामे समजावीत, आणि प्रत्येकाला त्याच्या कामाप्रमाणे वेगळे नाव द्यावे.

दुसरे ठिकाण अधिक धोक्याचे आहे. ‘फिल्टर’, ‘लुकअप’, ‘रिमूव्हइफ’, ‘फॉरऑल’ यांच्या आत प्रत्येक नोंदीचे कॉलम नावाने थेट वापरता येतात, आणि तेथे कॉलमचे नाव व्हेरिएबलच्या नावावर मात करते. समजा, ‘व्हेंडर’ हे नाव अपुरे वाटले म्हणून आपण ते ‘व्हेंडरकोड’ असे स्वच्छ केले, आणि माहिती जेथे साठते त्या शेअरपॉइंटच्या लिस्टमध्येही ‘व्हेंडरकोड’ नावाचा कॉलम आहे. आता फिल्टरमधील अट ‘व्हेंडरकोड बरोबर व्हेंडरकोड’ अशी होते. दोन्ही बाजूंना कॉलमच वाचला जातो, अट प्रत्येक नोंदीसाठी खरी ठरते आणि एका व्हेंडरच्या स्क्रीनवर सगळ्या व्हेंडरांची चलाने दिसू लागतात. फिल्टरमध्ये हे निदान डोळ्यांना दिसते. हीच अट ‘रिमूव्हइफ’मध्ये असेल तर संपूर्ण लिस्ट रिकामी होते. चौकटी कंसात ‘ॲट’चे चिन्ह लावून व्हेरिएबलच हवे असे सांगता येते, पण दर वेळी ते आठवणीने लिहिण्यावर अवलंबून राहू नये. ‘जीबीएल’ आणि ‘एलओसी’ या पूर्वपदांचा खरा फायदा येथे आहे, कारण ‘जीबीएल’ने सुरू होणारा कॉलम कोणी बनवत नाही. काही जणांना ही पूर्वपदे जुनाट वाटतात. या भाषेत मात्र ती मला आवश्यकच वाटतात.

नवे नाव आधीच कुठे वापरात नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. दोन्हींचा प्रकार वेगळा असेल तर चूक दिसते, पण दोन्ही संख्या असतील तर दोन व्हेरिएबल एकमेकांत मिसळतात आणि ती पुन्हा वेगळी करणे हाताने शक्य होत नाही.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी पहिली पाळी सुटल्यावर मी नव्या प्रतीवर ही पद्धत ‘नग’साठीच वापरून पाहिली. निर्मितीची सात ठिकाणे मिळाली, त्यातले एक ‘परत’ या बटणावर होते, जेथे व्हेरिएबल शून्य केले जाते आणि जेथे मी स्वतः कधीच शोधले नसते. सातही बदलल्यावर ३८ चुका आल्या. त्या दुरुस्त करताना एक गोष्ट समजली, की ‘नग’ हे एकच व्हेरिएबल दोन वेगळ्या कामांसाठी वापरले जात होते: चलान बनवताना पाठवायचे नग आणि आवक घेताना आलेले नग. एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर जाताना ते दर वेळी शून्य केले जात असल्यामुळे आजवर निभावले होते. आता मी त्याची दोन व्हेरिएबल केली आहेत.

उत्तर २ मध्ये सांगितलेली ‘फ्लॅग’ची परिस्थिती आमच्याकडे तंतोतंत तशी आहे. ग्लोबल एक आणि कॉन्टेक्स्ट पाच स्क्रीनवर.

आणखी एक शंका आहे. गेटवर नेटवर्क नेहमी मिळत नाही, म्हणून तेथील दोन मोबाइलवर आवकेच्या नोंदी आधी कलेक्शनमध्ये साठवून ‘सेव्हडेटा’ने फोनवर ठेवल्या जातात आणि नेटवर्क आले की शेअरपॉइंटमध्ये जातात. या कलेक्शनचे नाव बदलले तर फोनवर आधीच साठवलेल्या नोंदींचे काय होते?

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगरहून)

आपण विचारलेल्या शंकेचे उत्तर थोडक्यात असे की कलेक्शनचे नाव बदलण्यास हरकत नाही, पण फोनवर साठवताना दिलेले नाव बदलू नये. ‘सेव्हडेटा’ला दोन गोष्टी दिल्या जातात: कोणते कलेक्शन साठवायचे, आणि ते कोणत्या नावाने साठवायचे. दुसरी गोष्ट अवतरणचिन्हांतला मजकूर असते. बहुतेक जण दोन्हीकडे एकच नाव लिहितात, म्हणून ती एकच गोष्ट वाटते. शोधून बदलताना तो मजकूरही बदलला, तर नवी आवृत्ती ‘लोडडेटा’ने नव्या नावाची साठवण शोधते, ती सापडत नाही, आणि जुन्या नावाखाली पडून असलेल्या आवकेच्या नोंदी फोनमध्येच राहतात. कलेक्शनच्या आतील कॉलमची नावे बदलणार असाल तर काळजी अधिक हवी, कारण साठवलेल्या माहितीची रचना आणि कलेक्शनची रचना जुळणे गरजेचे असते. अशा वेळी पब्लिश करण्याआधी दोन्ही फोन नेटवर्कमध्ये आणून साठलेल्या सगळ्या नोंदी वर पाठवल्या गेल्याची स्वतः खात्री करावी, आणि पब्लिश केल्यावर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायला लावावे, कारण उघडे असलेले ॲप जुन्या आवृत्तीवरच चालू राहते.

यावरून मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. ॲपमधील नावांचे काम करताना मी आधी एकच विचार करतो: हे नाव फक्त या ॲपच्या आत ओळखले जाते, की ॲपच्या बाहेरचे कोणीतरी ते नाव धरून बसले आहे? आतल्या नावांसाठी वरील दोन उत्तरांतील पद्धत पुरेशी आहे. बाहेरच्यांनी धरलेल्या नावांना मात्र ॲप चेकर कधीच लाल खूण लावणार नाही.

फोनवरील साठवण हे त्याचे एक उदाहरण झाले. मंजुरीच्या ईमेलमध्ये जी लिंक जाते, तिच्यात चलानाचा क्रमांक एका नावाने जोडलेला असतो आणि ॲप तो ‘पॅरॅम’ फंक्शनने वाचते. हे नाव बदलले, किंवा त्यातले एक अक्षर लहानाचे मोठे झाले, तरी लोकांच्या इनबॉक्समध्ये पडून असलेल्या जुन्या ईमेलमधील लिंक उघडल्यावर ॲपला क्रमांक मिळत नाही. नाव बदलणे भागच असेल तर ‘कोअलेस’ वापरून आधी नवे नाव आणि ते रिकामे असेल तर जुने नाव वाचण्याची व्यवस्था काही महिने ठेवावी. पॉवर ऑटोमेटच्या फ्लोला (आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीला) ॲपमधून ‘रन’ने पाठवलेल्या किमती क्रमाने पोहोचतात, तेथे ॲपमधील व्हेरिएबलचे नाव काही का असेना, फरक पडत नाही, पण फ्लोच्या आतील व्हेरिएबलचा उल्लेख सूत्रांत अवतरणचिन्हांतील नावाने होतो, म्हणून फ्लोमधील नावे या कामाबरोबर एकाच दिवशी बदलू नयेत. एका दिवशी एकच बाजू हलवावी.

सगळ्यात चिवट नावे शेअरपॉइंटच्या कॉलमची असतात. कॉलम पहिल्यांदा बनवताना जे नाव दिले जाते, त्यावरून त्याचे एक अंतर्गत नाव कायमचे ठरते. नंतर आपण दिसणारे नाव कितीही वेळा बदलले तरी अंतर्गत नाव तेच राहते. फ्लोमधील फिल्टरच्या अटींत हेच अंतर्गत नाव लागते. मराठीत कॉलम बनवणाऱ्यांना तर हे विशेष माहीत असायला हवे. अंतर्गत नावात देवनागरी अक्षर जसेच्या तसे राहत नाही. प्रत्येक अक्षरचिन्हाच्या, म्हणजे मात्रा आणि हलन्त यांच्याही जागी, त्याच्या युनिकोड क्रमांकाचा सात वर्णांचा एक संकेत येतो आणि संपूर्ण नाव ३२ वर्णांवर तोडले जाते. म्हणजे मराठी नावाची जेमतेम पहिली चार चिन्हे शिल्लक राहतात. एका लिस्टमध्ये ‘अर्जदाराचे नाव’, ‘अर्जदाराचा पत्ता’ आणि ‘अर्जदाराचा फोन’ असे तीन कॉलम मी पाहिले आहेत, ज्यांची अंतर्गत नावे अ, र, हलन्त आणि ज एवढ्यावरच संपत होती आणि शेवटी लागलेल्या आकड्याशिवाय त्यांत काही फरक नव्हता. त्या फ्लोची दुरुस्ती करताना कोणता कॉलम कोणता, हे ओळखण्यातच माझा अर्धा दिवस गेला. म्हणून कॉलम आधी लहान रोमन नावाने बनवावा आणि मग त्याचे दिसणारे नाव मराठी करावे. वापरणाऱ्याला मराठीच दिसते आणि सूत्रांनाही त्रास होत नाही. आपल्या लिस्टमध्ये असे कॉलम असतील तर त्यांना या फेरीत हात लावू नये. त्यासाठी नवा कॉलम, माहितीचे स्थलांतर आणि फ्लोमधील बदल असे स्वतंत्र काम काढावे लागेल.

डेटाव्हर्स या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्येही हेच तत्त्व आहे: टेबलचे, कॉलमचे आणि एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलचे दिसणारे नाव बदलता येते, मूळ नाव एकदा ठरले की बदलत नाही.

उत्तर ४ (ठाण्याहून)

आतापर्यंतची सगळी उत्तरे बरोबर आहेत, तरीही मला या कामाच्या क्रमाबद्दल वेगळे मत मांडायचे आहे. ६४ ग्लोबल व्हेरिएबलना नवी नावे देण्याआधी त्यांतली किती असायलाच हवीत हे तपासावे. आपण स्वतःच लिहिले आहे की एक व्हेरिएबल दोन कामे करत होते. याच्या उलट, अशी कितीतरी व्हेरिएबल असतील जी कोणतेच काम करत नाहीत किंवा जी आपोआप काढता येणारी किंमत उगाच साठवून ठेवतात.

उदाहरणार्थ, शिल्लक नग. तुमच्या ॲपमध्ये तो आकडा बहुधा स्क्रीन उघडताना मोजून ‘सेट’ने एका व्हेरिएबलमध्ये ठेवला जात असेल, मग आवक जतन केल्यावर पुन्हा, चलान रद्द केल्यावर पुन्हा. जितक्या ठिकाणी तो मोजला जातो, तितक्या ठिकाणी तो मोजायचा राहून जाण्याचीही शक्यता असते. हा आकडा ॲपच्या ‘फॉर्म्युलाज’ या गुणधर्मात नाव दिलेले सूत्र म्हणून लिहिला, तर त्याची व्याख्या एकाच जागी राहते, ज्या माहितीवर तो अवलंबून आहे ती बदलली की तो आपोआप नव्याने मोजला जातो, आणि दुसऱ्या कुठल्याही बटणावरून ‘सेट’ने त्यात ढवळाढवळ करता येत नाही, कारण तसे लिहिताच चूक दाखवली जाते. आणि पुढे कधी नाव बदलायचे झाले, तर बदलण्याची निर्मितीची जागा एकच असते, बाकी सगळी वाचनस्थळे लाल होतात. उत्तर १ मधील पद्धत तेथे एका पायरीत संपते.

‘टेम्प’ आणि ‘टेम्पनवा’ यांसारखी नावे बहुतेक वेळा एका सूत्राच्या आतच जन्मतात आणि तेथेच संपतात. त्यांच्यासाठी ‘विथ’ हे फंक्शन आहे. त्यात दिलेले नाव त्या सूत्राबाहेर अस्तित्वातच येत नाही. वापरणाऱ्याने बटण दाबून बदललेली स्थिती, जसे की निवडलेले चलान, सध्याची पायरी, भरता-भरता थांबवलेला फॉर्म, ही मात्र व्हेरिएबलमध्येच राहायला हवी, आणि तेवढ्यांनाच नवी नावे देण्याचे कष्ट घ्यावेत. व्हेरिएबलच्या पॅनलमध्ये ज्यांचा वापर शून्य दिसतो ती पहिल्याच दिवशी काढून टाकावीत. नाव देणे आणि जागा देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मी नेहमी जागेचे काम आधी करतो.

उत्तर १ (पुण्याहून), पुन्हा

उत्तर ४ मधील विचार मला मान्य आहे, परंतु क्रम मान्य नाही. ज्या ॲपची नावे वाचूनच अर्थ लागत नाही, त्या ॲपमध्ये कोणते व्हेरिएबल अनावश्यक आहे हे ठरवणेही अंदाजाचेच काम होते. प्रश्नकर्त्याला ‘नग’ची दोन कामे दिसली, ती नाव बदलण्याच्या निमित्ताने प्रत्येक वाचनस्थळ पाहिल्यामुळेच दिसली. शिवाय नाव बदलल्यावर ॲपने पूर्वीसारखेच वागले पाहिजे, अशी एक साधी कसोटी असते. व्हेरिएबल काढून त्या जागी सूत्र आणले की वागणूक बदलू शकते आणि मग फरक दिसला तर तो सुधारणेचा की बिघाडाचा, हे सांगता येत नाही. म्हणून वापर शून्य असलेली व्हेरिएबल आधी काढावीत, याला माझी संमती आहे. बाकीच्यांची नावे आधी आणि रचना नंतर, आणि दोन्ही एकाच आवृत्तीत मुळीच नको.

उतरवलेली ॲपची फाइल ही प्रत्यक्षात झिप फाइलच असते आणि ती उलगडली की सूत्रे यामल या साध्या मजकुराच्या स्वरूपात वाचता येतात. त्या फाइली बाहेर बदलून पुन्हा ॲप बांधण्याच्या वाटेला मी जाणार नाही, पण बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या फाइली कोणत्याही तुलना दाखवणाऱ्या साधनात शेजारी-शेजारी ठेवाव्यात. प्रत्येक फरक हा जुन्या नावाच्या जागी नवे नाव एवढाच असला पाहिजे. अवतरणचिन्हांच्या आत झालेला एखादा बदल, जो चेकरला कधीच दिसणार नाही, तो येथे एका नजरेत सापडतो. आपला ‘मॅनेजर’ही सापडला असता.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांच्या उत्तरांवरून मी कामाचा क्रम ठरवला आणि गेल्या अकरा दिवसांत तो बराचसा पार पाडला, म्हणून येथे लिहून ठेवतो.

वापर शून्य असलेली नऊ व्हेरिएबल आधी काढली. उरलेल्या ५५ पैकी ४१ ची नावे आजपर्यंत बदलून झाली आहेत, दिवसाला चार ते पाच या वेगाने, आणि प्रत्येक संध्याकाळी यामल फाइलींची तुलना करून. तुलनेत दोनदा नको असलेले बदल सापडले: एकदा छापील चलानाच्या शीर्षकात, आणि एकदा ‘सेव्हडेटा’च्या नावातच, ज्याबद्दल येथे सावध केले नसते तर मी तो बदल योग्यच समजलो असतो. ‘फ्लॅग’चे ग्लोबल रूप आधी बदलले, तेव्हा लक्षात आले की ते मुळात एकाच स्क्रीनसाठी होते; पाच कॉन्टेक्स्ट रूपांना आता ‘एलओसीछपाईसुरू’, ‘एलओसीचूकदाखवा’ अशी पाच वेगळी नावे आहेत.

गेटवरील दोन्ही फोनमधील नोंदी रविवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मी स्वतः उभे राहून वर पाठवल्या आणि मगच नवी आवृत्ती पब्लिश केली. एका फोनमध्ये शुक्रवारच्या तीन आवकेच्या नोंदी अजून अडकलेल्या होत्या. शिल्लक नगाचे सूत्र ‘फॉर्म्युलाज’मध्ये नेण्याचे काम नावे संपल्यावर पुढच्या महिन्यात नव्या सहकाऱ्यांसोबत करणार आहे; तोपर्यंत त्या व्हेरिएबलचे नाव ‘जीबीएलशिल्लकनग’ एवढेच ठेवले आहे.

लिस्टमध्ये मराठी नावाने बनवलेले सहा कॉलम निघाले. त्यांना हात लावलेला नाही. त्यांच्या अंतर्गत नावांची आणि दिसणाऱ्या नावांची जोडयादी करून ती फ्लोच्या वर्णनात चिकटवून ठेवली आहे.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगरहून)

ही जोडयादी लिस्टच्या वर्णनातही ठेवावी, कारण फ्लो कोणी नव्याने बनवला तर जुन्या फ्लोचे वर्णन उघडून पाहण्याचे त्याला कारण उरत नाही. आणि चलान रद्द करण्याचा मार्ग एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावा. तो क्वचित वापरला जातो, त्यामुळे चाचणीत तोच राहून जातो आणि शिल्लक नगावर थेट परिणाम करणाराही तोच असतो.